कपोटींच्या आजोळी : एका दिवाळी लेखामागची कागदपत्रं

2024च्या दिवाळीत आमच्या मंडळाच्या अंकात अमेरिकन लेखक ट्रुमन कपोटींच्या लहानपणावर माझा लेख आला. त्यानंतर काहीजणांनी विचारलं, की ही माहिती कुठे मिळाली, परवानगी कशी काढली, आणि पदरचे किती गेले. दोघीतिघींना अशाच कामाला हात घालायचाय, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाहीये. मलाही कळत नव्हतं. म्हणून झालं तसं क्रमानं लिहून ठेवते.

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कपोटींचा जन्म 30 सप्टेंबर 1924चा, न्यू ऑर्लिन्सचा. आईवडलांचं पटलं नाही. दोघेही आपापल्या मार्गानं भटकत राहिले आणि पोराला आईच्या माहेरी, ॲलाबामातल्या मन्रोव्हिल या गावात ठेवलं. तेव्हा तिथे जेमतेम तेराशे माणसं राहत होती. घरात आईच्या वयस्क चुलत बहिणी होत्या. जेनी टोप्यांचं दुकान चालवायची आणि घरही तिच्याच हुकमात चालायचं. कॅली दुसरी. तिसरी सूक, वयानं म्हातारी आणि मनानं लहान. ती आणि हा पोरगा एकमेकांचे सोबती झाले. शेजारच्या घरात राहणारी नेल पुढे 'टु किल अ मॉकिंगबर्ड' या कादंबरीची लेखिका हार्पर ली म्हणून जगाला माहीत झाली. पुढे आईनं क्यूबाहून आलेल्या जो कपोटींशी दुसरं लग्न केलं, मुलाला न्यूयॉर्कला नेलं, आणि 1935 मध्ये सावत्र वडलांनी दत्तक घेतल्यावर ट्रुमन पर्सन्सचा ट्रुमन कपोटी झाला. तरी उन्हाळ्याच्या सुट्ट्या मन्रोव्हिललाच.

जानेवारीत आमच्या संपादकताईंचा फोन आला. जन्मशताब्दीचं वर्ष आहे, तू अटलांटात आहेस, ॲलाबामा शेजारी आहे, तूच लिही. वर एक अट : "नेटवरचं उचलून देऊ नकोस गं. घरच्या माणसांनी काय सांगितलंय ते हवं." मी हो म्हटलं खरं, पण त्या रात्री झोप लागली नाही. आपण इथे राहून इतकी वर्षं झाली, तरी इथल्या दक्षिणेबद्दल लिहायचं म्हटलं की वाटतं, आपण कोण सांगणारे?

पहिलं काम पुस्तकांचं. घरच्या माणसांनी कपोटींच्या लहानपणाबद्दल सांगितलेली दोन मुख्य पुस्तकं आहेत. एक त्यांच्या मावशीचं, मरी रुडिसिल यांचं, 1983 मध्ये आलेलं. दुसऱ्यात मावसभावाच्या आठवणी आहेत. जेनिंग्ज फॉक कार्टर हा दुसऱ्या मावशीचा, मेरी आयडाचा मुलगा. त्यानं सांगितलं आणि मेरीॲन मोट्स या लेखिकेनं लिहून काढलं. इथे एक गोष्ट सांगून ठेवते, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. हे पुस्तक 1989 मध्ये 'अ ब्रिज ऑफ चाइल्डहुड' या नावानं निघालं आणि नंतर विद्यापीठाच्या प्रकाशनानं तेच 'ट्रुमन कपोटीज सदर्न इयर्स' या नावानं पुन्हा काढलं. विक्रीच्या साइटवर दोन्ही वेगवेगळी पुस्तकं असल्यासारखी दिसतात. लेखिकेचं नाव बघा, म्हणजे एकच पुस्तक दोनदा मागवलं जाणार नाही.

मावशीचं पुस्तक आता छापलं जात नाही. जुनी प्रत 18 डॉलरला मिळाली, टपाल खर्च वेगळा. मावसभावाचं मी आमच्या काउंटीच्या वाचनालयातून आंतरग्रंथालयीन मागणीनं आणवलं. म्हणजे तुमच्या वाचनालयात पुस्तक नसेल तर ते दुसऱ्या ठिकाणाहून मागवून देतात. कार्ड असलं की बस. आमच्याकडे त्याला पैसे पडले नाहीत, पण काही वाचनालयं परतीचं टपाल लावतात, तेव्हा आधी विचारा. अर्ज केला 22 जानेवारीला, पुस्तक आलं फेब्रुवारीच्या मध्याला. तीन आठवडे ठेवता येतं आणि मुदत वाढवणं पुस्तक पाठवणाऱ्या वाचनालयाच्या मर्जीवर असतं. म्हणून हातात आल्याबरोबर टिपणं काढायला बसा. वर्ल्डकॅट नावाची एक फुकट सूची आहे. कुठलं पुस्तक कुठल्या वाचनालयात आहे ते तिथे कळतं. तिथला क्रमांक अर्जात लिहिला की काम लवकर होतं.

आता खरी गंमत. मी मावशी आणि मावसभाऊ शेजारी शेजारी ठेवून वाचायला लागले. डावीकडे एक, उजवीकडे एक, मध्ये वही. माणसं तीच, घर तेच, आणि तरी दोन वेगळी गावं वाचतेय असं वाटायला लागलं.

मावशीच्या पुस्तकात घरातल्या बायका आहेत. कोण कुणावर रुसली, कुणाचं लग्न कसं मोडलं, बहिणीनं पोराला कसं टाकलं. मरी ही कपोटींच्या आईची सख्खी धाकटी बहीण. बहीण बहिणीबद्दल बोलते तेव्हा त्यात जी धार असते, ती इथे पानापानावर आहे. कपोटींना हे पुस्तक मुळीच आवडलं नव्हतं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. पुस्तक आल्यावर दोन वर्षं होण्याआधीच, 25 ऑगस्ट 1984ला ते लॉस एंजेलिसमध्ये गेले. या मावशी मात्र पुढे नव्वदीत टीव्हीवर 'फ्रूटकेकवाल्या बाई' म्हणून प्रसिद्ध झाल्या आणि 2006 मध्ये वारल्या. त्यांचे ते फटकळ तुकडे मी बघितले आणि पुस्तक परत चाळलं, तेव्हा तो आवाज कानात बसला होता. तुम्हीही आधी बाईंना बोलताना ऐका, मग वाचा.

मावसभावाच्या आठवणींत घर कमी, अंगण जास्त. जेनिंग्ज मोठेपणी विमानातून शेतांवर औषध फवारणारा वैमानिक झाला, आणि त्याच्या सांगण्यातही तसाच एक उघडेपणा आहे. तो, नेल आणि ट्रुमन ही तिकडी, झाडावरचं लाकडी घर, हॅटर्स मिलच्या तळ्यात पोहणं, आणि गावातल्या पोरांपेक्षा चांगले कपडे घालणारा, बोलण्यात कुणाला हार न जाणारा, मारामारीत मात्र नेलच्या आड लपणारा हा बुटका मुलगा. झाडाचं नाव आहे चायनाबेरी. मी शोधलं तर तो आपला बकाण निंब निघाला. मूळचा आपल्याकडचा, शोभेचं झाड म्हणून इथे आणलेला आणि दक्षिणेत रानोमाळ पसरलेला. आमच्या सोलापूरच्या घरामागे होता. लेखात हे घालायचा मोह झाला, पण घातलं नाही. कपोटींच्या लेखात माझं सोलापूर कशाला?

जेनिंग्जनं सांगितलेली सगळ्यात नाट्यमय आठवण हॅलोविनच्या पार्टीची. ट्रुमन न्यूयॉर्कला जाणार म्हणून निरोपाची पार्टी. तिथे कू क्लक्स क्लॅन या काळ्या माणसांवर दहशत बसवणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेची माणसं येऊन थडकतात. खोक्यांचा रोबो बनून आलेला शेजारचा एक बुजरा मुलगा त्यांच्या तावडीत सापडतो, आणि नेलचे वडील ए. सी. ली मध्ये पडून त्याला सोडवतात. वाचताना अंगावर काटा येतो. पण मला लगेच संशयही आला, की पुढे नेलच्या कादंबरीतला बाप जगानं डोक्यावर घेतला, त्याची सावली या आठवणीवर मागाहून पडली नसेल कशावरून? जेनिंग्ज खोटं बोलतोय असं मला म्हणायचं नाही. साठ वर्षं एखादी गोष्ट सांगत राहिलं की ती घडत जाते, इतकंच. आपल्या घरातल्या काकाआजोबांच्या गोष्टी आठवा.

इथेच माझ्या लेखाचा नियम ठरला. खरं काय ते मी ठरवणार नाही. प्रत्येक वाक्यात हे कोण सांगतंय ते लिहायचं. 'ट्रुमन एकटा होता' असं नाही, 'मावशी म्हणतात तो एकटा होता' असं. वाचायला थोडं जड जातं, संपादकताईंनी तसा आक्षेपही घेतला, पण मी ऐकलं नाही.

मार्चमध्ये आम्ही निघालो. शुक्रवार 15 तारीख मुद्दाम निवडली. एप्रिल-मे मध्ये मन्रोव्हिलला हार्पर लींच्या कादंबरीवरचं नाटक असतं, तेव्हा खोल्या मिळणं मुश्कील. अटलांटाहून माँटगमरीला अडीच तास लागतात आणि ॲलाबामाची हद्द ओलांडली की घड्याळ एक तास मागे जातं. जाताना हा तास फुकट मिळतो, येताना तो परत द्यावा लागतो, हे परतीच्या बेतात धरून चाला.

माँटगमरीला राज्याचं अभिलेखागार, म्हणजे जुन्या कागदपत्रांचा सरकारी संग्रह आहे. 1901 मध्ये सुरू झालेलं, अमेरिकेतलं पहिलं सरकारी राज्य अभिलेखागार. मला तिथे जायची भीती वाटत होती. विद्यापीठाचं पत्र मागतील, कशासाठी हवंय म्हणून उलटतपासणी घेतील, 'दिवाळी अंक' म्हणजे काय ते समजावत बसावं लागेल. यातलं काही झालं नाही. फोटो असलेलं ओळखपत्र दाखवलं, फॉर्म भरला, पर्स आणि जॅकेट लॉकरमध्ये ठेवलं. आत पेन चालत नाही, पेन्सिल न्या. स्वेटर अंगात असू द्या, आत गार असतं. पेन ड्राइव्हही न्या, म्हणजे मायक्रोफिल्मवरची, म्हणजे जुन्या पेपरांचे बारीक फोटो असलेल्या रिळांवरची पानं त्यात घेता येतात. वेळापत्रक मात्र निघण्याआधी बघा, कारण संशोधन कक्ष रोज उघडा नसतो.

मला मन्रोव्हिलचं साप्ताहिक बघायचं होतं, 'मन्रो जर्नल'. 1929 पासून त्याचे संपादक होते तेच ए. सी. ली. त्यामुळे क्लॅनच्या रात्रीची बातमी तिथे सापडेल अशी आशा धरूनच गेले नव्हते. स्वतःच्या पराक्रमाची बातमी स्वतःच्या पेपरात कोण छापेल? मला हवा होता गावाचा रोजचा आवाज. कोण मोबील शहरातून कुणाकडे पाहुणं आलंय, कापसाला काय भाव आहे, चर्चमध्ये कुणाचं प्रवचन आहे. रीळ फिरवताना डोळे दुखतात आणि मळमळतं, गाडी लागणाऱ्यांनी जपून. पण तासाभरानं लक्षात आलं, की या पेपरात पाहुणे म्हणून ज्यांची नावं येतात ते सगळे गोरे. दोन्ही पुस्तकांतही सांगणारे गोरेच. स्वयंपाक करणाऱ्या, कपडे धुणाऱ्या, शेतात राबणाऱ्या काळ्या माणसांच्या डोळ्यांसमोरही हा मुलगा वाढला, पण त्यांना कुणी पुस्तक लिहायला सांगितलं नाही. लेखात यावर एक परिच्छेद लिहिला. माझ्या मते सगळ्या लेखात तोच महत्त्वाचा होता, आणि मला आलेल्या एकाही प्रतिक्रियेत त्याचा उल्लेख नाही. असो.

संध्याकाळी मन्रोव्हिलकडे. हायवे सोडला की दोन पदरी रस्ता, दोन्ही बाजूंना पाइनची लागवड, आणि ओंडके लादलेले ट्रक. अंधार पडायच्या आत पोचा, हरणं आडवी येतात. मोटेल 88 डॉलर अधिक कर. शाकाहारी असाल तर आणखी एक : तिथल्या हॉटेलात शिजवलेली पालेभाजी बघून हुरळून जाऊ नका, त्यात बहुतेक वेळा डुकराचं मांस घालून शिजवलेलं असतं. विचारून घ्या. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती.

शनिवारी सकाळी जुन्या कोर्टात गेलो. 1903च्या सुमाराची इमारत, आता तिथे काउंटीचं संग्रहालय आहे. वरच्या मजल्यावरची कोर्टाची खोली हार्पर लींच्या कादंबरीवरच्या सिनेमाच्या लोकांनी मापं घेऊन हॉलिवूडमध्ये जशीच्या तशी उभी केली होती. बहुतेक माणसं तीच बघायला येतात. कपोटींचा भाग शांत असतो. पत्रं, फोटो, आजोळच्या माणसांच्या वस्तू. मी काचेला नाक लावून बराच वेळ उभी होते. फोटो काढण्याआधी विचारा, आणि छापायला हवा असेल तर त्याची परवानगी वेगळी असते हे लक्षात ठेवा. तिथल्या एका वयस्क बाईंनी मला 'हनी' म्हणत कुठून आलात विचारलं. भारतातून, अटलांटामार्गे, म्हटलं. तर म्हणाल्या, जपानहून येतात, जर्मनीहून येतात, पण सगळे नेलसाठी. ट्रुमनसाठी आलेली तू या आठवड्यातली पहिली.

कोर्टापासून साउथ ॲलाबामा ॲव्हेन्यूवरची आजोळच्या घराची जागा रमतगमत दहा मिनिटांच्या आत येते. ते अंतर चालून बघा, गाडीनं जाऊ नका. जेनीचं दुकान कोर्टाच्या चौकातच होतं. दुकान, कोर्ट, घर, शेजार, सगळं एका हाकेच्या टप्प्यात. मावशीच्या पुस्तकात कुणालाच काही लपवता येत नाही, ते का, हे मला त्या रस्त्यावर कळलं. घर मात्र नाही. मूळ घर 1940 मध्ये जळालं, नंतरचंही राहिलं नाही. उरलाय दगडी कठड्याचा तुकडा आणि एक पाटी. पाटीवर कपोटी इथे 1927 ते 1933 राहिले असं लिहिलंय, तर काही पुस्तकं मुक्कामाची सुरुवात 1930 धरतात. आईवडील त्याला आधीपासूनच अधूनमधून इथे आणून सोडत होते, तेव्हा दोन्ही मोजण्या आपापल्या परीनं बरोबर. लेखात मी दोन्ही दिल्या. शेजारी लींचं घर होतं तिथे आता मेल्स डेअरी ड्रीम नावाची आइस्क्रीम-बर्गरची टपरी आहे. नवऱ्यानं मिल्कशेक घेतला आणि कठड्याकडे बघत म्हणाला, "एवढ्यासाठी आलो?" मी म्हटलं, हो.

सूकबद्दल मात्र दोन्ही पुस्तकं वाचूनही माझं समाधान झालं नव्हतं. मावशी तिच्याकडे कौतुकानं बघतात, मावसभाऊ मुलाच्या नजरेनं. कपोटींनी स्वतः 1956 मध्ये तिच्यावर नाताळच्या केकची जी गोष्ट लिहिली, त्यात ती सगळ्यात जिवंत आहे, आणि ती तर कथा. घरच्यांच्या आठवणी गोळा करायला निघालेल्या माणसाला हे मान्य करायला जड जातं. तिथे उभं राहून मी वहीत लिहिलं, की सूकचा भाग कथेवर सोपवायचा.

परत आल्यावर सुरू झाला परवानगीचा भाग, आणि सगळ्यात जास्त वेळ यानंच खाल्ला. दोन पुस्तकांतले उतारे मराठी करून द्यायचे होते. थोडकं अवतरण 'रास्त वापर' म्हणून परवानगीशिवाय चालतं असं बरेच जण सांगतात. पण सलग परिच्छेदाचं भाषांतर छापायचं आणि वर अंक विकायचा, तर लेखी विचारलेलं बरं. मावसभावाच्या पुस्तकाच्या प्रकाशकाच्या संकेतस्थळावर फॉर्म होता. त्यात विचारतात : किती शब्द, कुठल्या पानावरचे, किती प्रती छापणार, किंमत किती, कुठल्या देशांत विकणार, पीडीएफ काढणार का, ती सगळ्यांना खुली का. आमची पीडीएफ फक्त सभासदांना जाते, हे स्पष्ट लिहिल्यावर गाडी पुढे सरकली. 'दिवाळी अंक' असं लिहून खाली 'वार्षिक साहित्यिक अंक, ना नफा संस्था' असं जोडलं. 'ना नफा' या शब्दांनी दर खाली येतो. अर्ज 2 एप्रिलला, उत्तर जूनच्या पहिल्या आठवड्यात, फी 60 डॉलर, आणि त्यांनी दिलेली श्रेयओळ काना-मात्रा न बदलता छापायची अट.

मावशींच्या पुस्तकाचे हक्क नेमके कुणाकडे आहेत हेच कळेना. एका कंपनीनं दुसरीकडे पाठवलं, दुसरीनं ईमेलला उत्तरच दिलं नाही. मे गेला, जून गेला. रोज सकाळी चहाआधी ईमेल उघडायची सवय लागली. शेवटी 15 जुलैला ठरवलं, की मावशींचा उतारा द्यायचा नाही, त्यांचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडायचं आणि पुस्तकाचं नाव ठळक द्यायचं. झालं ते चांगलंच झालं. मावशींची धार भाषांतरात बोथट झाली असती. माझ्या वाक्यात ती बाहेरून दाखवता आली. तुम्हाला सल्ला एवढाच, की उत्तराची वाट बघायची शेवटची तारीख अर्ज करतानाच कॅलेंडरवर लिहून ठेवा, नाहीतर छपाईची वेळ येते आणि अर्धा लेख दुसऱ्याच्या इनबॉक्समध्ये अडकलेला असतो.

फोटोचंही तसंच. एका संग्रहातला जुना फोटो हवा होता, पण मोठ्या स्कॅनची आणि छापण्याची अशी दोन वेगळी शुल्कं निघाली. मंडळाचं बजेट बघून नाद सोडला आणि मी काढलेला दगडी कठड्याचा फोटो दिला. त्यात मागे नवऱ्याचा मिल्कशेक दिसत होता, तो कापला.

लेख 8 सप्टेंबरला दिला, प्रुफं महिनाअखेरीला आली. पुस्तक, पेट्रोल, मोटेल, परवानगी धरून साधारण अडीचशे डॉलर गेले, मानधन शून्य. मंडळानं परवानगीची फी तेवढी भरून दिली, पावती जपून ठेवली होती म्हणून. प्रकाशकाला अंकाची एक प्रत पाठवायची असते, तेही विसरू नका. मी पाठवली, सोबत कुठलं पान ते दाखवायला चिकटचिठ्ठी लावली.

मावशींचं पुस्तक माझ्याकडे आहे. कुणाला हवं असेल तर टपालखर्च पाठवा, पाठवून देते. समासात पेन्सिलीनं केलेल्या माझ्या भांडणांकडे दुर्लक्ष करा.